क्रोममध्ये चालतो आणि फायरफॉक्समध्ये तुटतो तो वेबसॉकेट

वेबसॉकेट म्हणजे पान उघडे असेपर्यंत ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात दोन्ही बाजूंनी चालू राहणारी जोडणी. अशी सुरक्षित जोडणी फसली की ब्राउझर पानातील कोडच्या हाती बहुतेक वेळा एकच क्रमांक ठेवतो, तो म्हणजे १००६. सर्व्हरची ओळख पटवणारे सर्टिफिकेट चुकलेले असो, मधल्या प्रॉक्सीने, म्हणजे दळणवळण पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थाने, वाट अडवलेली असो की सर्व्हरच बंद असो, जावास्क्रिप्टला एवढेच कळते की जोडणी रीतसर निरोप न घेता संपली. टीएलएसच्या, म्हणजे जोडणी सुरक्षित करणाऱ्या थराच्या, अपयशासाठी २०११ च्या आरएफसी ६४५५ या वेबसॉकेटच्या मानक दस्तऐवजात १०१५ हा वेगळा क्रमांक राखून ठेवलेला आहे, पण बहुतेक ब्राउझर तोही पानापर्यंत पोहोचू देत नाहीत. ही लपवाछपवी हेतुपुरस्सर आहे, कारण अपयशाचे नेमके कारण सांगितले असते तर कोणत्याही संकेतस्थळाला वाचकाच्या घरातल्या किंवा कचेरीतल्या अंतर्गत नेटवर्कवर कोणती यंत्रे आहेत हे चाचपता आले असते. धोरण म्हणून मला ते पटते. मात्र त्यामुळे दोष शोधणाऱ्याला पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो, आणि माझ्या अनुभवात त्यातला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कोणत्या ब्राउझरमध्ये जोडणी होते आणि कोणत्यात होत नाही, हा फरक.

मुंबईच्या फोर्टमधील एका शेअर दलालाच्या कचेरीत आम्ही बसवलेल्या, शेअरचे भाव दाखवणाऱ्या फलकावर हेच झाले. क्रोममध्ये भाव हलत होते, तर नव्याने बसवलेल्या संगणकावरील फायरफॉक्समध्ये पान नीट उघडूनही भावांचे रकाने कोरेच राहत होते. “साहेब, फायरफॉक्स काढूनच टाकतो ना, कशाला डोक्याला ताप,” असे तेथील संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थांनी सुचवले, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते चूकही नव्हते. परंतु फक्त फायरफॉक्स अडतो तेव्हा माझा पहिला संशय सर्टिफिकेटच्या साखळीवर जातो. सर्व्हरने स्वतःच्या सर्टिफिकेटबरोबर ते देणाऱ्या संस्थेचे मधले सर्टिफिकेटही पाठवायचे असते. ते राहून गेले, तर डेस्कटॉपवरील क्रोम आणि सफारी सर्टिफिकेटमध्येच नोंदलेल्या पत्त्यावरून ते स्वतः आणून घेतात आणि सर्व्हरची चूक झाकली जाते. फायरफॉक्स असे आणत नाही. तो सार्वजनिक संस्थांची मधली सर्टिफिकेटे आधीच उतरवून ठेवतो आणि पूर्वी पाहिलेली लक्षात ठेवतो. म्हणून जुन्या संगणकावरचा फायरफॉक्स निमूटपणे चालतो आणि कोऱ्या प्रोफाइलचा, म्हणजे नुकताच बसवलेला आणि काहीच न साठवलेला, अडतो, आणि दोष त्या संगणकाचाच आहे असे सर्वांना वाटू लागते. भावांचा वेबसॉकेट वेगळ्या उपडोमेनवर होता, त्यामुळे मूळ पानाचे कुलूपचिन्ह पाहून काहीच उमगत नव्हते. अशा वेळी ओपनएसएसएल या टीएलएस तपासण्याच्या साधनातील एस-क्लायंट या आज्ञेला यजमानाचे, म्हणजे सर्व्हरचे, नाव देऊन सर्व्हर नेमकी किती सर्टिफिकेटे पाठवतो ते पाहावे. एकच आले तर शोध तिथेच संपतो, आणि सर्व्हरवर पूर्ण साखळीची फाइल लावणे एवढेच काम उरते.

वेबसॉकेटसाठी ‘ही जोडणी सुरक्षित नाही, तरीही पुढे जायचे का’ असे विचारणारे पान ब्राउझर कधीच दाखवत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. स्वतः सही केलेले सर्टिफिकेट वापरून चाचणी करणाऱ्याने तोच पत्ता आधी साध्या एचटीटीपीएसने उघडून अपवाद मान्य करावा लागतो, आणि फायरफॉक्समध्ये तो अपवाद यजमान व पोर्ट या दोन्हींशी बांधलेला असल्याने ४४३ वर दिलेली संमती ८४४३ ला लागू पडत नाही. त्यापेक्षा स्वतःचे रूट सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटे मानली जातात ते मूळ सर्टिफिकेट, तयार करून संगणकावर बसवावे, असे मी सुचवीन. कचेरीतील अँटीव्हायरस किंवा तपासणी करणारा प्रॉक्सी स्वतःचे रूट घुसवतो, तेव्हाही फायरफॉक्स वेगळा वागू शकतो, कारण त्याचा विश्वासू संस्थांचा साठा स्वतंत्र आहे; आवृत्ती १२० पासून मात्र तो ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वेगळी बसवलेली रूटेही आपणहून मानतो.

आयफोनच्या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज पक्का असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनवरील क्रोमही आतून वेबकिटवरच, म्हणजे सफारीच्याच इंजिनावर, चालतो, तेव्हा ‘क्रोममध्येही बंद आहे’ या तक्रारीचा अर्थ प्रत्यक्षात ‘सफारीमध्ये बंद आहे’ असा घ्यावा. तिथे मी आधी कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे पानाने कुठे कुठे संपर्क करावा हे ठरवणारी सर्व्हरची नियमावली, पाहतो. तिच्यातील जोडण्यांच्या नियमात, कनेक्ट-एसआरसीमध्ये, नुसते ‘सेल्फ’ (म्हणजे पानाचा स्वतःचा पत्ता) लिहिले असेल, तर जुन्या सफारी आवृत्त्या त्यात वेबसॉकेटचा पत्ता धरत नाहीत. तो डब्ल्यूएसएस या सुरक्षित वेबसॉकेटच्या उपसर्गासह पूर्ण लिहावा लागतो.

याउलट आदेशपटलावरील (कमांड लाइनवरील) साधन जोडले जाते आणि क्रोम नाकारतो, तेव्हा उपप्रोटोकॉल, म्हणजे वेबसॉकेटवरून कोणत्या स्वरूपात बोलायचे याचा करार, तपासावा. पानाने एखादा उपप्रोटोकॉल मागितला आणि सर्व्हरने उत्तरात त्याचा उल्लेखच केला नाही, तर क्रोम जोडणी तोडतो आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या त्रुटी दाखवणाऱ्या पटलावर, तसे स्पष्ट लिहितो. कन्सोल न वाचता सर्व्हर पुन्हा सुरू करत बसण्याची सवय आपल्या धंद्यात फार आहे. एचटीटीपी-२ या वेबच्या नव्या प्रोटोकॉलवरील वेबसॉकेट ही आणखी एक निसरडी जागा आहे. आरएफसी ८४४१ ने २०१८ मध्ये ती सोय केली, पण पुढचा प्रॉक्सी ती जाहीर करतो आणि मागचा सर्व्हर ती पाळत नाही, अशा रचनेत जोडणी कधी होते, कधी होत नाही. फायरफॉक्सच्या अबाउट-कॉन्फिग या अंतर्गत सेटिंगच्या पानावर एचटीटीपी-२ वरील वेबसॉकेट बंद करण्याची कळ आहे. ती बंद करताच सर्व सुरळीत झाले, तर दोष कुठे आहे ते कळते.

सगळे ब्राउझर सारखेच अडत असतील, तर मात्र ब्राउझर सोडून प्रॉक्सीकडे वळावे. एनजिनएक्स या प्रॉक्सी म्हणून वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरमध्ये वेबसॉकेटची मागणी करणारे अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन हेडर पुढे पाठवण्याची ओळ राहिली असेल तर १०१ हे होकाराचे उत्तर मिळतच नाही, आणि डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये ते लगेच दिसते. त्याहून फसवा दोष वाचन-मुदतीचा, म्हणजे काहीच न आल्यास प्रॉक्सी किती वेळाने जोडणी तोडतो त्याचा, आणि ती मुळात ६० सेकंदांची असते. फोर्टमधल्या त्याच फलकावर दिवसभर भाव वाहत असल्याने ही मुदत कधी भरलीच नाही. दुपारी ३:३० ला बाजार बंद झाला, भाव थांबले आणि मिनिटाभराने सर्व जोडण्या एकदम गळाल्या. “बाजार बंद झाला, आता फलकाचीही सुट्टी,” असे म्हणून कचेरीतल्या मंडळींनी ते सोडून दिले होते, म्हणून ही तक्रार आमच्यापर्यंत आलीच नाही. मुदत वाढवणे हा अर्धा उपाय आहे. जोडणी जिवंत आहे ना हे विचारणारा पिंग सर्व्हरकडून दर अर्ध्या मिनिटाला जाऊ द्यावा, कारण ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला पिंग पाठवण्याची सोयच नाही, आणि पानातील टायमरवर विसंबून साधा संदेश पाठवत राहिले तर मागे गेलेल्या टॅबमध्ये ते टायमर मंदावतात. सर्व्हरच्या पिंगला पाँग हे उत्तर मात्र ब्राउझर स्वतःच देतो, पानातील कोडला त्याचा पत्ताही लागत नाही.