शो-फ्लॅटमधली गार भिंत

"हात लावून बघा, काँक्रीट किती गार आहे!" सेल्सवाला पश्चिमेची उघडी काँक्रीटची भिंत दाखवत होता. सकाळचे अकरा, वर एसी चालू.

अकराला ती गारच लागणार. १५० मिमी आरसीसी भिंतीतून उन्हाची धग आत पोचायला साधारण ४ तास लागतात. म्हणजे दुपारचं ऊन संध्याकाळी बेडरूममध्ये उतरणार. काँक्रीट उष्णता अडवत नाही, साठवतं.

इन्सुलेशन हवं ते बाहेरून: ५० मिमी ईपीएस (म्हणजे थर्माकोल) शीट, त्यावर फायबरची जाळी, मग प्लास्टर. आतून लावलं, तर रात्री खिडक्या उघडून काँक्रीटमध्ये साठवलेला गारवा खोलीला मिळतच नाही. गच्चीवर ईपीएस नको, एक्सपीएस (त्याच जातीचा, पण जास्त घट्ट फोम) घ्या. ते वजन पेलतं, पाणी धरत नाही.

बुकिंगआधी कुणी विचारतं का, भिंतीला बाहेरून काय लावलंय?