आमची वाटचाल : पाच ऑगस्टचं पान

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात आमचा छापखाना १९७८ पासून आहे. वडिलांनी तो एका ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईच्या मशिनवर, सुरू केला. पावती पुस्तकं, हँडबिलं, लग्नपत्रिका आम्हीही छापल्या, पण ती कामं सगळेच करतात. आमचं नाव झालं ते रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरमुळं. वर ठसठशीत तारीख, खाली तिथी-वार आणि तळाला एक ओळ. ती ओळ आम्ही कुठून उचलत नाही. १९८९ पासून वर्षाच्या सगळ्या ओळी घरच्या घरी लिहितो आणि याचा मला अभिमान आहे.

कल्पना बापूंची. बापू आमचे जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे (सुटी अक्षरं) जुळवून मजकूर लावणारे. वडिलांनी त्यांना पगारावर घेतलं आणि दोनच वर्षांत चार आणे भागीदार करून घेतलं. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या कप्प्यांच्या केसमध्ये, नजर कॉपीवर, म्हणजे मूळ मजकुरावर. खिळ्याकडे ते बघायचेच नाहीत, अंगठ्याला खाच लागली की खिळा सरळ आहे हे हातालाच कळायचं. देवनागरीची केस म्हणजे काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरांचे तर कप्पेच्या कप्पे. त्या कप्प्यांवर एकही चिठ्ठी नव्हती आणि बापूंना ती कधी लागली नाही.

एका वेळी छापायच्या चार पानांचा एक फर्मा, म्हणजे वर्षाच्या कॅलेंडरला ९२ फर्मे. छपाई ऐन पावसाळ्यात चालायची. शाई लावायचे सरसाचे रूळ दमट हवेत मऊ पडायचे, शाई उठत नसली की बापू ट्रेडल थांबवायचे, पण पुसट पान पुढं जाऊ द्यायचे नाहीत. ओळीच्या लांबीचा नियमही त्यांचाच. १८ पॉइंटात, म्हणजे त्या आकाराच्या अक्षरांत, एका स्टिकमध्ये बसली तर ठेवायची, नाहीतर परत लिहायची. मी तेव्हा कॉलेजात होतो, मोठाले विचार लिहून आणायचो. बापू कागद परत द्यायचे. "हे भाषण झालं. माणूस सकाळी चहाचा कप घेऊन उभ्या उभ्या वाचतो. त्याला आज काय करायचं ते सांग."

आज मुलं मोबाईलवर फुलांच्या चित्रांवर सुविचार पाठवतात. त्यात क्रियापदच नसतं. धैर्य हेच जीवन, विश्वास हीच शक्ती. असल्या ओळीचं सकाळी सहाला काय करायचं? लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे, ओळीत एक काम ठेवा. 'ज्याच्याशी बोलणं थांबलंय त्याला आज हाक मारा' ही आमची ओळ. ती वाचून एका गिऱ्हाईकानं सात वर्षांनी भावाच्या घरची पायरी चढली. हे मला त्या भावानं सांगितलं.

पहिल्या वर्षी ५०० कॅलेंडरं काढली. त्यातली ३०० एकट्या अण्णांनी घेतली. तासगाव तालुक्यात त्यांचं औषध-खतांचं दुकान आणि स्वतःची द्राक्षबाग. त्यानंतर एकही वर्ष त्यांची ऑर्डर चुकली नाही. दर सांगताना मी कधी कमी-जास्त केलं असेल, पण त्यांनी कधी घासाघीस केली नाही. त्यांनी एकदाच तक्रार केली, आणि ती मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाले, "ऑक्टोबरच्या पानांवर उपदेश नको. फळछाटणी झालेली असते, वरनं पाऊस येतो, वेलीवर डाऊनीची बुरशी येते, माणूस रात्री बॅटरी घेऊन बागेत पानं उलटी करून बघत असतो. त्याला 'हसत राहा' म्हणू नका."

तेव्हापासून छाटणीच्या दिवसांतल्या ओळी मी त्यांच्यासमोर बसून लिहितो. 'आज दोन घास जास्त खा.' 'फवारणी झाली, आता झोपा.' दुसऱ्या कुणाला या ओळी फार साध्या वाटतील. तासगावात हीच पानं टाकून न देता पाकिटात ठेवलेली मी पाहिली आहेत.

मधल्या वर्षांत मिनी ऑफसेट मशिन आलं, खिळ्यांऐवजी कॉम्प्युटरवर जुळणी करणारं डीटीपी आलं, बापू थकले आणि घरी बसले. ती वर्षं बरी गेली.

आता जे सलतं ते लिहितो. आमच्याकडं कागद कापायच्या कटिंगवर काम शिकलेल्या एका माणसानं पलीकडच्या गल्लीत स्वतःचा छापखाना टाकला. टाकू दे, कुणीही टाकावा, बापूंनी तर त्याला खिळे आवळायची जुनी चौकट भेट दिली होती. पण २०१० सालचं त्याचं कॅलेंडर हातात आलं आणि माझे हातपाय गार पडले. ओळी आमच्या होत्या. एकदोन नव्हे, महिनेच्या महिने. दर आमच्यापेक्षा नगामागं सहा रुपये कमी. कमी असणारच, लिहायला वर्ष कुठं लागलं होतं त्याला! तोंडावर विचारलं तर म्हणाला, सुविचार काय कुणाच्या मालकीचे असतात का?

पुरावा माझ्या हातात होता. आमच्या २००८ च्या कॅलेंडरात एक चूक राहिली होती. 'संयमाची सवय लावा' ऐवजी 'संगमाची सवय लावा' छापलं गेलं. हरिपूरच्या संगमेश्वराची पत्रकं आमच्याकडं व्हायची, कृष्णा-वारणेचा संगम हा शब्द ऑपरेटरच्या बोटांत बसलेला, आणि प्रूफ मी स्वतः वाचूनही माझ्या नजरेतून ते सुटलं. (प्रूफ लिहिणाऱ्यानं वाचू नये. दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला लावावं.) त्याच्या कॅलेंडरातही संगमच होता. तो कागद मी चार पतसंस्थांच्या संचालकांना दाखवला. सगळ्यांनी मान हलवली आणि ऑर्डर त्याला दिली. निम्मं काम त्या वर्षी गेलं. त्यानं आजपर्यंत चूक कबूल केलेली नाही.

त्यातून सावरतोय तोवर २०१९ आलं. कॅलेंडरवाल्यांना सांगायला नको, जुलै संपता संपता कागद भरून ठेवावा लागतो. आम्ही रिमं घडवंचीवर रचली होती, २००५ च्या पुराची भिंतीवरची खूण बघून तिच्या वर हातभर. सांगलीत प्रत्येक जण त्याच खुणेवर विसंबून होता. पाच ऑगस्टला सोमवार, नागपंचमी. दुपारी आम्ही कुलूप लावून विश्रामबागला मेहुण्यांकडे गेलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

त्या दिवसांत मी फक्त रिमं मोजत होतो. कर्ज किती, कागद किती, विमा किती. जेवणावरून उठायचो. आठ तारखेला ब्रह्मनाळ गावची बातमी आली. पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, बायाबापड्या, लेकरं बुडाली. घरात कुणी बोललं नाही. मी हिशेबाची वही बंद केली ती पाणी उतरेपर्यंत उघडली नाही. माझा तोटा एक रुपयानं कमी झाला नव्हता. पण मेलेल्या माणसांच्या बातमीशेजारी बसून कागद मोजायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेनंच मला जेवायला बसवलं.

पाणी उतरल्यावर शटर अर्ध्यावरच अडकलं. आत रिमं पाणी पिऊन फुगली होती, घडवंच्या मोडून कागद लगद्यासारखा मशिनवर कोसळला होता. बापूंच्या जुन्या लाकडी केसेस फुगून जाम झाल्या, एकही उघडेना. भिंतीवर उंच टांगलेलं आमचंच कॅलेंडर तेवढं कोरडं होतं. पाच ऑगस्टचं पान. त्यावर आधीच्या वर्षी मी लिहिलेली ओळ होती : 'दिसतं तेवढं आवरा.' लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कुणाचं तरी टेबल असणार.

मी दारातला चिखल ओढायला घेतला. फक्त दारातला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा ट्रॅक्टर बोळाच्या तोंडाशी. मागं पाण्याची टाकी आणि बागेच्या फवारणीचा एचटीपी पंप, दोन गडी आणि डिझेलचा कॅन. त्यांनी विचारपूस केली नाही, पाईप सोडला. पुरात मशिन बुडालं तर हे ध्यानात ठेवा : चिखल वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवा, मग पुसून डिझेल, मग तेल, आणि मोटर दुरुस्त करणाऱ्या वाइंडरकडं दिल्याशिवाय बटण दाबू नका. आमच्या ओळखीच्या दोघांनी घाईनं बटण दाबलं आणि मोटरी जाळल्या. संध्याकाळी अण्णांनी खिशातून ३०० कॅलेंडरांचे सगळे पैसे काढून कटिंगच्या टेबलावर ठेवले. कॅलेंडर निघेल की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं, तसं मी म्हणालोही. ते म्हणाले, "ऑक्टोबरची पानं तेवढी नीट लिहा."

त्या वर्षी कॅलेंडर निघालं, उशिरा, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याहून उधारीवर आणलेल्या कागदावर. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा रिमं वरच्या मजल्यावर होती.

एक गोष्ट राहिली. २०१९ ला पलीकडच्या गल्लीतला त्याचा छापखानाही बुडाला. अण्णांचा पंप त्या दिवशी आमच्या दारात होता, टाकीत पाणी शिल्लक होतं, आणि शंभर पावलांवर त्याची ऑफसेट चिखलात वाळत होती. बापू, त्या वयात, काठी टेकत बघायला आले होते. मला म्हणाले, "त्याच्याकडं पाठव की पंप." मी ऐकलं नाही. ट्रॅक्टर तसाच परत गेला. 'ज्याच्याशी बोलणं थांबलंय त्याला आज हाक मारा' ही माझ्या हातची ओळ, त्यानं ती चोरून छापलेलीही आहे, आणि मला ती पाळता आलेली नाही.

बापूंच्या केसेस दिवाळीपर्यंत उन्हात ठेवल्या तेव्हा एकेक उघडल्या. खिळ्यांना काही झालं नव्हतं. ट्रेडलही चालू आहे, पाच ऑगस्टचं पान दर वर्षी त्याच्यावरच छापतो, बाकी सगळं ऑफसेटवर. अण्णांचा मुलगा आता दुकान बघतो, त्यानं यंदा ३५० सांगितली आहेत. ऑक्टोबरच्या ओळी अजून व्हायच्या आहेत. रविवारी वही घेऊन तासगावला जायचं आहे.