14 लाल गोल

शारजातल्या आमच्या गोदामात चित्र आलं की क्रेट लगेच उघडत नाही. 24 तास तसाच ठेवायचा, आतल्या लाकडा-कापडाला खोलीची हवा मानवू द्यायची. चित्रांच्या मालकांना वाटतं, आम्ही टाइमपास करतो.

त्या दिवशीचं चित्र इजिप्तची चित्रकार इंजी एफलातून हिचं होतं. शेतात राबणाऱ्या बायका, उतारवयातलं काम. सोबत जुना कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्र कुठे कसं बिघडलंय याची नोंद: ‘रंग गळालेला, 14 ठिकाणी.’ फोटोवर 14 लाल गोल. साहेब म्हणाले, तेच उतरवून घे, विम्याला पुरतं.

मी टॉर्च कॅनव्हासला आडवी धरली. रंगाचा पोपडा उडाला की कड तुटकी दिसते, पायरीसारखी. इथे प्रत्येक फटकाऱ्याची कड गोलसर, ब्रश उचलताना निमुळती झालेली. मधला पांढरा थर अखंड. आमचे रत्नागिरीचे सुतारकाका मागून बघत होते. म्हणाले, “ताई, हे सुटलेलं नाय, सोडलेलं आहे.”

रिपोर्ट लिहिणाऱ्याने बाई कोण एवढं तरी वाचायचं! 1924 साली कैरोत बड्या घरात जन्म, तरुणपणीच कम्युनिस्ट. 1948 मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक, त्याला तिथले मोठे लेखक ताहा हुसेन यांची प्रस्तावना. 1959 ला नासरच्या राजवटीत अटक, चार वर्षं तुरुंग. आतही रंगवत राहिली. सोबतच्या कैदी बायका, भिंतीपलीकडची झाडं, नाईलवरून जाणारी शिडं. त्यातली जी मी पाहिलीत ती गच्च भरलेली आहेत. सुटल्यानंतरच्या वर्षांत फटकारे एकमेकांपासून सरकत गेले आणि मधे कोरा कॅनव्हास दिसू लागला. या टप्प्याला ‘पांढरा प्रकाश’ म्हणतात. आमच्या रिपोर्टात त्याचं नाव ‘नुकसान’.

मग अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला. सातव्या गोलात मसुराएवढा ठिपका काळा उमटला. म्हणजे तिथे कुणीतरी नंतर रंग भरला होता. साध्या उजेडात अजिबात कळत नव्हता, इतका बेमालूम जुळवलेला. हात चांगला होता, याचाच जास्त राग आला.

मी 13 गोलांपुढे ‘मूळचंच’ लिहिलं, सातव्यापुढे ‘नंतरची भर, काढावी’. मालकांचं उत्तर एका ओळीचं: काढू नका, उगाच जोखीम नको. त्यांच्या परवानगीशिवाय आम्ही धूळही पुसत नाही, त्यामुळे विषय संपला. चित्र प्रदर्शनात भिंतीवर लागलं. रोज तिथून जाताना मला बायका दिसायच्याच नाहीत, तो ठिपका दिसायचा.

प्रदर्शन संपल्यावर क्रेट बंद करताना काकांनी विचारलं, “भरलेला कुठला ओ त्यातला?”

दाखवला. बराच वेळ वाकून बघत राहिले, मग स्क्रू उचलले.