तुम्ही विचारलंत म्हणून: वस्तुमानांक बदलला तरी कार्बन तोच कसा?

"मॅडम, वस्तुमानांक १२, १३, १४ असा बदलतो, मग तिन्ही कार्बनच कसे?" परभणीत नववीला विज्ञान शिकवते, हा प्रश्न दरवर्षी येतो. पोरांचा अभ्यास घेणारे पालकही विचारतात.

मूलद्रव्य कोणतं, हे केंद्रकातल्या प्रोटॉनवरून ठरतं. त्यांची संख्या म्हणजे अणुअंक; कार्बनचा ६. सहा प्रोटॉन, म्हणून बाहेर सहा इलेक्ट्रॉन, आणि अणू कुणाशी कसा जोडला जाणार ते हे इलेक्ट्रॉन ठरवतात. वस्तुमानांक ही प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज. न्यूट्रॉनला प्रभार नाही. ते ६ असोत, ७ की ८, इलेक्ट्रॉन सहाच राहतात.

एवढं पोरं पाठ करतात. म्हणून मी लगेच उलटं विचारते: कार्बन-१४ आणि नायट्रोजन-१४ यांचा वस्तुमानांक एकच, मग ते वेगळे का? वर्ग गप्प होतो. एकात ६ प्रोटॉन नि ८ न्यूट्रॉन, दुसऱ्यात ७ नि ७. वातावरणात खूप वर, अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे सुटलेला न्यूट्रॉन नायट्रोजनच्या केंद्रकात शिरतो, एक प्रोटॉन बाहेर पडतो आणि कार्बन-१४ तयार होतो. हा टिकत नाही. सुमारे ५७३० वर्षांत निम्मे अणू पुन्हा नायट्रोजन होतात: एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, अणुअंक ६ वरून ७ वर जातो, वस्तुमानांक मात्र १४ चा १४च. किती कार्बन-१४ उरलाय यावरून जुन्या लाकडी कोळशाचं, लाकडाचं वय काढता येतं. ही पद्धत शोधणाऱ्या विलार्ड लिबी यांना १९६० चं नोबेल मिळालं.

कार्बन-१३ कडे मात्र कोणी बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. शंभरात साधारण एक अणू त्याचा, तोही स्थिर. पण वजनामुळे तो अभिक्रियांत किंचित मागे पडतो. हवेतला कार्बन घेताना गहू, तूर, हरभरा त्याला बऱ्यापैकी टाळतात. ज्वारी-बाजरीची कार्बन घेण्याची रीत वेगळी, त्या फार कमी टाळतात. त्यामुळे आपल्या शाळूच्या दाण्यात गव्हापेक्षा कार्बन-१३ चं प्रमाण थोडं जास्त असतं, आणि रोज भाकरी खाणाऱ्याच्या हाडांतही ते उतरतं. उत्खननात सापडलेल्या हाडांतलं हे प्रमाण मोजून, ती माणसं ज्वारी-बाजरीसारख्या धान्यावर जगत होती की गहू-तांदळावर, याचा अंदाज संशोधक बांधतात.