पोर्टफोलिओ लोकांपर्यंत पोचवायला निघाले आणि एका परवानगीत अडकले – माझा अनुभव

चार महिने आणि अकरा दिवस. एका मेलच्या उत्तरासाठी मी एवढी थांबले, आणि मेलमध्ये विचारलं काय होतं, तर मी केलेलं काम मी माझ्या पोर्टफोलिओत, म्हणजे केलेल्या कामाच्या संग्रहात, दाखवू का. आता बरंचसं मार्गी लागलंय, पण विषय निघाला की अजून डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहून काढते. कुणी डिझायनर नोकरी सोडायच्या बेतात असेल तर रिलीव्हिंग लेटर हातात पडायच्या आधी त्याने हे वाचावं.

मी अमळनेरची. पुण्यात एका डिझाइन एजन्सीत चार वर्षं पॅकेजिंग केलं. मसाले, लोणची, बिस्किटं, एक चहा, दोन साबण. आप्पांची तब्येत बिघडली तशी घरी परत आले आणि इथूनच फ्रीलान्स करायचं ठरवलं. पहिल्या दोन महिन्यात काम काय आलं, तर दोन लग्नपत्रिका आणि एका दुकानाचा फ्लेक्स. कामाला नाव ठेवत नाही, पत्रिकाही मन लावून केल्या, पण मला येतं ते पॅकेजिंग आणि ते मला येतं हे जळगाव-धुळ्यात कुणाला माहीतच नव्हतं. एकदा जेवताना आप्पा म्हणाले, "बेटा, तुनं काम भारी शे, पन दखस कोन?" म्हणजे काम भारी आहे, पण बघतं कोण. ते वाक्य डोक्यातून जाईना.

मग डिझायनर आपलं काम मांडतात त्या बिहॅन्स वेबसाइटवर अकाउंट, इन्स्टाचं पेज, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला एक पीडीएफ, हे सगळं आठवड्याभरात उरकलं. चार वर्षांतले अकरा प्रोजेक्ट टाकले. त्यातली मसाल्यांची रेंज लोकांना आवडायला लागली, ओळख ना पाळख अशा माणसांच्या कमेंट यायला लागल्या, एका नाशिकच्या माणसाने भाव पण विचारला. आणि नवव्या दिवशी जुन्या ऑफिसचा मेल आला, की चोवीस तासांत सगळं काढून टाका, नाहीतर पुढची कारवाई करू.

मी सोडताना विचारलं नव्हतं असं नाही. शेवटच्या दिवशी सरांना विचारलं होतं, ते म्हणाले, "टाक गं, तुझंच तर काम आहे." पण ते तोंडी. आणि बाविसाव्या वर्षी जॉइन होताना जे अपॉइंटमेंट लेटर न वाचता सही केलं त्यात स्पष्ट लिहिलेलं, की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कुठलंही काम बाहेर दाखवता येणार नाही. त्या रात्री अकराच्या अकरा प्रोजेक्ट काढले. एकेक डिलीट करताना रडू आलं, खोटं कशाला बोलू.

आमच्या गल्लीत एक वकीलकाका आहेत, दुसऱ्या दिवशी सगळे कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून कलम १७ दाखवलं. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाच्या कॉपीराइटची पहिली मालक नोकरी देणारी कंपनीच असते, वेगळा करार केला नसेल तर. मग कलम ५७ दाखवलं. कॉपीराइट दुसऱ्याचा असला तरी 'हे काम मी केलंय' असं म्हणायचा हक्क करणाऱ्याकडे राहतो. मी लगेच खुलले, पण काकांनी तिथेच थांबवलं. केलंय असं म्हणणं वेगळं आणि त्याचे फोटो आपल्या पेजवर लावणं वेगळं, आणि तू गुप्ततेच्या कागदावर सही केलेली आहेस ती वेगळीच. "भांडू नको, लेखी माग," एवढाच त्यांचा सल्ला.

मग मागायला लागले. पहिला मेल एचआरला. आठ दिवसांनी उत्तर, लीगलला पाठवलंय. लीगल म्हणजे बाहेरचे कन्सल्टंट, त्यांचं उत्तर तीन आठवड्यांनी, की एजन्सीची हरकत नाही पण क्लायंटची संमती लागेल. क्लायंटची संमती कोण मागणार, तर क्लायंट सर्व्हिसिंगवाले, म्हणजे एजन्सीतर्फे क्लायंटशी बोलणारे. त्यांना मेल केला तर ते म्हणतात मॅनेजमेंटने सांगितल्याशिवाय आम्ही क्लायंटला असलं काही विचारू शकत नाही. मॅनेजमेंटला विचारलं तर ते परत एचआरकडे. आणि मधेच ती एचआरची मुलगीच सोडून गेली, तिच्या जागी जो आला तो म्हणाला मॅडम तुमचा आधीचा मेल मला सापडत नाहीये, पहिल्यापासून पाठवा. पहिल्यापासून पाठवला. दर सोमवारी सकाळी दहाला रिमाइंडर टाकायचे, फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". कसली प्रोसेस, कुणाच्या टेबलावर, कधीपर्यंत, काही नाही. मधल्या काळात कुणी काम दाखवा म्हटलं की माझ्याकडे दाखवायला काय, दोन पत्रिका आणि एक फ्लेक्स. तो नाशिकचा माणूस दोनदा विचारून गप्प झाला, दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असणार. नुकसान ते, पण मला त्याहून जास्त लागलं ते हे, की चार वर्षं रात्री दहा-दहापर्यंत थांबून केलेलं काम, आणि तिथे एकालाही दोन मिनिटं काढून हो किंवा नाही म्हणावंसं वाटलं नाही. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. मी पुढे निघाले असते.

शेवटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेले. सकाळी दहाला रिसेप्शनवर बसले, दीड वाजता आत बोलावलं. जे सिनियर भेटले ते चिडलेले नव्हते, वाईटही नव्हते, पण त्यांनी जे वाक्य म्हटलं ते ऐकून मी एक मिनिट गप्पच झाले. म्हणाले, "तुला नेमकं काय दाखवायचंय तेच आम्हाला कळत नाहीये, मग हो कशाला म्हणायचं?"

आणि खरंच, चार महिने मी जो मेल फिरवत होते त्यात एवढंच होतं, की मी तुमच्याकडे केलेलं काम पोर्टफोलिओत वापरू का. यात समोरच्याला काय काय दिसतं? बाजारात न आलेले प्रॉडक्ट, नाकारलेले पर्याय, क्लायंटने काय हवं ते सांगणारे ब्रीफ, सगळंच आलं. असल्या उघड्या प्रश्नाला कुणीच सही करणार नाही, प्रत्येक जण पुढच्याकडे ढकलणार. हे मला कुणी पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर! त्यांनीही ते पहिल्याच मेलला विचारायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन.

तिथल्या तिथे खाली चहाच्या टपरीवर बसून लॅपटॉपवर तक्ता केला. एका ओळीत एक प्रोजेक्ट. कुठले फोटो टाकणार ते फोटोच चिकटवले, एकूण चौतीस. ते प्रॉडक्ट दुकानात मिळतं की नाही. कुठला मजकूर झाकणार. खाली श्रेय काय लिहिणार, म्हणजे 'अमुक एजन्सीत असताना केलेलं काम, टीममध्ये माझी भूमिका लेबल आणि लेआउट'. आणि शेवटच्या रकान्यात हो / नाही. सोबत परवानगीच्या उत्तराचा मसुदा पण मीच लिहून दिला, त्यांनी फक्त नाव टाकायचं. अकरा दिवसांत उत्तर आलं. पाच हो, पाच नाही, चहाचं क्लायंटकडून यायचंय. चार महिने जे हललं नाही ते एका तक्त्याने अकरा दिवसांत हललं. मेल वाचला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तशीच ओली बादली टाकून खाली पळाले आप्पांना सांगायला.

तर कुणाला परवानगी मागायची असेल तर असं मागा, फोटो चिकटवून, रकाने करून. आणि नोकरीत असतानाच मागा, प्रॉडक्ट बाजारात आलं की त्याच आठवड्यात एक मेल, तेव्हा सगळे खुशीत असतात. फ्रीलान्स करत असाल तर कोटेशनमध्येच एक ओळ टाका, 'माल बाजारात आल्यावर हे डिझाइन पोर्टफोलिओत दाखवता येईल.' मी आता प्रत्येक कोटेशनमध्ये टाकते, आजपर्यंत एकानेही काढायला लावली नाही. डिझाइनचा कॉपीराइट क्लायंटला लिहून देत असाल तर मुदत पण लिहा, त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, हेही काकांकडूनच कळलं.

थांबलेल्या त्या चार महिन्यांत मी रिकामी बसले नाही, आणि गंमत म्हणजे जास्त चौकशी आज त्या कामावरूनच येते. सावद्याकडच्या एका केळी वेफर्सवाल्यांचं पाकीट अगदी कमी पैशात करून दिलं, अट एकच, दाखवायची लेखी परवानगी. मग नंदुरबारच्या मिरचीचा एक व्यापारी. नंदुरबारची मिरची सगळ्या महाराष्ट्राला माहीत, पण हा माणूस साध्या पिशवीवर स्टिकर लावून विकत होता. एक भरताच्या मसाल्याचं पाकीट मी मनानेच केलं, आपल्या जळगावच्या भरीत वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय तर त्याच्या शेजारी शोभेल असा मसाला का नसावा म्हणून. त्यावर मोठ्या अक्षरात 'स्वतःहून केलेला प्रोजेक्ट' लिहिलं. हे लिहायचंच, नाहीतर कुणाला वाटतं खरा क्लायंट आहे आणि विचारल्यावर आपली पंचाईत.

पाकिटाची मागची बाजू दाखवा. हे मला फार उशिरा सुचलं. सगळे पुढची चकाचक बाजू टाकतात, पण छोट्या उद्योजकाची खरी झोप उडते ती मागच्या बाजूने. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी लायसन्स नंबर, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचा पत्ता, पोषणाचा तक्ता, हे सगळं एवढ्याशा जागेत वाचता येईल असं बसवायचं. मिरचीच्या पाकिटाची मागची बाजू मोठी करून टाकली आणि धुळ्याच्या एका पापडवाल्या ताईंचा फोन आला, "ते मागचं ज्यांनी केलं त्याच तुम्ही का?" पुढची बाजू त्यांनी बघितली पण नव्हती.

नावं नीट द्या. माझ्या पहिल्या प्रोजेक्टचं नाव होतं 'पॅकेजिंग ३', ते कोण शोधणार? 'केळी वेफर्स पाकीट डिझाइन' असं मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहिल्यावर शोधून येणारी माणसं दिसायला लागली. आणि वर्णन युनिकोडमध्ये टाइप करा. आपल्याकडे प्रेसमध्ये अजून जुने फॉन्ट चालतात, त्यात टाइप केलेलं मराठी फॉन्ट काढला की अगम्य अक्षरं होतात आणि सर्चला सापडत नाही. फोटोच्या आत लिहिलेल्या मजकुराचा पण शोधायला भरवसा नाही, खाली वेगळं लिहा. बिहॅन्सवरच्या प्रोजेक्टचं कव्हर ८०८ बाय ६३२ पिक्सेलमध्ये करा, पण मोबाइलवर अंगठ्याएवढं दिसतं तेव्हा काय वाचता येतं ते बघून. पीडीएफमधली पानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, बारीक अक्षरं फुटतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आपल्याकडचा निम्मा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवरच ठरतो.

फोटोंसाठी स्टुडिओ नव्हता. कॉलेजात असताना चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं घर बघायला गेलो होतो, वर्षानुवर्षं एका घरात राहून त्या माणसाने टेबलावर वस्तू मांडून कसले फोटो काढलेत, ते आठवलं. मी पण खिडकीजवळ टेबल लावलं, एका बाजूला पांढरा थर्माकोल, सकाळी आठ ते साडेनऊचा उजेड. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दहानंतर उजेड इतका कडक होतो की चकचकीत पाकीट पांढरं फटक दिसतं, तेव्हा सकाळीच उरका.

एकदोघांनी सल्ला दिला की प्रोफाइलवर पुणे लिही, अमळनेर बघून कोण काम देणार. मी अमळनेरच ठेवलं. १९४५ साली या गावात सुरू झालेल्या वनस्पती तेलाच्या कंपनीची पुढे विप्रो झाली, त्या गावची पॅकेजिंग डिझायनर म्हणवून घ्यायला मला अभिमानच वाटतो. आणि फायदा पण झाला, जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं "जवळच आहात ना, मग येतो" म्हणून सँपल घेऊन सरळ घरी येतात. गेल्या महिन्यात तिघं येऊन गेले, दोघांचं काम चालू आहे. आप्पा त्यांना पाणी देतात आणि आधी स्वतःच टॅबवर माझं काम दाखवून घेतात.

एजन्सीतले पाच प्रोजेक्ट आता परत वर आहेत, श्रेयाच्या ओळीसकट. चहाचं उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी सकाळी दहाला परत मेल टाकणार आहे, तक्ता जोडून.