हिल्डेगार्डच्या मठातलं गाणं बंद झालं तेव्हा

आज १७ सप्टेंबर, बिंगेनच्या संत हिल्डेगार्डचा, म्हणजे बाराव्या शतकातल्या जर्मन मठाध्यक्षा आणि संगीतरचनाकार जोगिणीचा स्मृतिदिन. सकाळपासून तिचीच गाणी चालू आहेत आणि राहून राहून ११७८ सालची ती बंदी आठवतेय.

ऱ्हाईन नदीकाठच्या तिच्या रुपर्ट्सबर्ग मठात एका उमरावाचं दफन झालं. तो एकेकाळी चर्चमधून बहिष्कृत होता, म्हणून माइन्झ शहरातल्या चर्चच्या धर्माधिकाऱ्यांनी हुकूम काढला: प्रेत उकरा. हिल्डेगार्ड म्हणाली, मरणापूर्वी त्याला पापक्षमा मिळाली होती, हात लावू देणार नाही. शिक्षा काय? गाणं बंद, ख्रिस्तप्रसाद बंद. रोजच्या प्रार्थना दारं लावून, हळू आवाजात नुसत्या वाचायच्या. ऐंशी वर्षांच्या या बाईने ते सोसलं, पण कबर उकरली नाही. उलट माइन्झला खणखणीत पत्र लिहिलं: विनाकारण देवाची स्तुती गप्प करणाऱ्यांना देवदूतांच्या गायनात वाटा नाही! मार्च ११७९ मध्ये बंदी उठली, सप्टेंबरात ती गेली.

तिच्या सत्तरहून अधिक रचना आहेत. ऐकताना ताल शोधू नका. एकाच अक्षरावर स्वरांची लांबच लांब माळ, आवाका कधी दोन सप्तकांपर्यंत. मात्रा मोजून गायलं की शब्द तुटतात. श्वास वाक्याच्या अर्थाप्रमाणेच घ्यावा लागतो.