आमची वाटचाल : क्राकूफमधलं आमचं जुन्या नाण्यांचं दुकान

नवऱ्याची नोकरी आयटीतली म्हणून आम्ही पोलंडमधे क्राकूफला आलो आणि मला रविवारी हाला तार्गोवाच्या जुन्या बाजारात फिरायची चटक लागली. घड्याळं, मेडलं, कपबश्या आणि मधेच चांदीची नाणी, 1932 ची 10 झ्वोटी (झ्वोटी म्हणजे इथलं चलन) वगैरे, 22 ग्रॅम वजन, 750 ची चांदी म्हणजे हजारात 750 भाग चांदी, वर ओढणी घेतलेल्या बाईचा चेहरा, ह्या नाण्याला पोलोनिया म्हणतात. विकणारे वजनावर भाव सांगायचे, आम्हीपण ऑनलाइन तसंच विकायला लागलो, पण त्यात सुटतंय काय, चांदी चढली की माल मिळत नाही आणि उतरली की गिऱ्हाईक फिरकत नाही.

मग मी प्रत्येक नाण्यासोबत माहितीची चिठ्ठी द्यायला लागले. 1924 ला तेव्हाचे पंतप्रधान ग्राब्स्कींनी 18 लाख जुन्या पोलिश मार्कांना 1 झ्वोटी असं नवीन चलन आणलं, त्यातली 2 झ्वोटीची नाणी पॅरिस, बर्मिंगहॅम, फिलाडेल्फियाला पाडून आणली, आणि सालाशेजारी एच अक्षर असेल तर ते बर्मिंगहॅमचं, कमी मिळतं. एवढं कळल्यावर लोक भिंग मागून घेतात, ग्रॅमचा विषयच निघत नाही!

माझं आवडतं नाणं मात्र टिंफ. दिसायला काहीच्या काही, ठसा बऱ्याचदा अर्धवट बसलेला. 1655 ला स्वीडनचं सैन्य घुसलं, देश पार लुटला गेला, सैनिकांचे पगार थकले, म्हणून यान काझिमिएश राजाच्या काळात 1663 पासून हे 30 ग्रोशांचं (ग्रोश म्हणजे इथले सुटे पैसे) नाणं काढलं ज्यात चांदी फार तर निम्म्या किमतीची, आणि वर सरळ लॅटिनमधे कोरलं की राज्य वाचलं हेच ह्याचं मोल, ते धातूपेक्षा मोठं. म्हणजे कमी चांदी घातलीय हे नाण्यावरच कबूल, सरकारी मामला असून! लोकांनी अर्थातच जुनी चांगली नाणी दडवली आणि ही खपवली. असं होतं हे कोपर्निकसने 1526 मधेच लिहून ठेवलेलं, तोच ग्रहताऱ्यांवाला.

आता छोटं दुकान आहे, काटा अजून आहे पण तो नकली ओळखायला, पोलोनिया 22 ग्रॅमच्या आसपास नाही भरली की पुढे बघायचंच नाही. आणि कृपा करून आजोबांची नाणी विकायला आणण्याआधी टूथपेस्टने घासू नका हो, ती काळी झाकच आम्हाला हवी असते, घासलेल्याला आम्ही फक्त चांदीचा भाव देतो.